करवीरचा डेक: फँटसी कार्ड गेमसाठी स्वतःची कार्डं कशी रचायची आणि कशी तोलायची

स्वतःची कार्डं करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा चित्रापासून सुरुवात करतो. पन्हाळ्याच्या धुक्यातून बाहेर येणारा राक्षस डोळ्यांपुढे येतो, त्याला दणकट नाव सुचतं आणि मग त्या रुबाबाला शोभतील असे आकडे टाकले जातात. कार्ड दिसतं झकास. पण खेळायला घेतलं की ते एकटंच सगळा सामना खाऊन टाकतं, नाहीतर कुणी डेकमध्ये (खेळायच्या गड्डीत) घेतच नाही. कार्ड किती भारी आहे हे ठरवताना तीन गोष्टी बघायच्या: ते कितव्या पाळीला उतरतं, सामन्यात किती वेळा हाती लागतं आणि समोरच्याकडे त्याला उत्तर आहे का. कोल्हापुरात ही तिसरी गोष्ट फार समजावावी लागत नाही, कारण तालमीत वस्ताद डाव शिकवतात तेव्हा त्याची तोडही शिकवतात. कार्डांचंही तसंच करायचं. डाव लिहिला की त्याच वहीत शेजारी तोड लिहायची, आणि तोड सुचत नसेल तर तो डाव छापायचा नाही.

आधी सांगाडा

उदाहरणांसाठी एक छोटा खेळ गृहीत धरू. दोन खेळाडू, प्रत्येकाचा ४० कार्डांचा डेक, एका नावाची जास्तीत जास्त ३ कार्डं. सुरुवातीला हातात ५ कार्डं, मग दर पाळीला एक ओढायचं. प्रत्येकाकडे २० दम. दम संपला की सामना हरला. कार्ड उतरवायला खुराक लागतो: पहिल्या पाळीला १, दुसऱ्या पाळीला २, असं १० पर्यंत. उरलेला खुराक पुढच्या पाळीला चालत नाही.

कार्डं तीन प्रकारची. मल्ल पटावर राहतात आणि त्यांना दोन आकडे असतात, जोर आणि तग. डाव एकदा खेळायचे आणि बाजूला टाकायचे. जागा पटावर राहतात आणि नियम बदलतात. मल्ल उतरला त्याच पाळीत हल्ला करत नाही. हल्ला समोरच्या मल्लावर करायचा की थेट दमावर, हे हल्ला करणारा ठरवतो. दोन मल्ल भिडले की दोघंही आपापल्या जोराइतकी इजा करतात, ती इजा टिकते, आणि तग संपला की मल्ल चीतपट.

तुम्ही आधीच असलेल्या खेळासाठी कार्डं करत असाल तर सांगाडा आयता मिळतो, पण तो पाठ असायला हवा. मॅजिक द गॅदरिंगच्या नेहमीच्या प्रकारात किमान ६० कार्डांचा डेक आणि एका नावाची ४ कार्डं. पोकेमॉनमध्ये बरोबर ६०. यु-गी-ओमध्ये ४० ते ६० आणि एका नावाची ३. एकाच ताकदीचं कार्ड ४० च्या डेकमध्ये ६० च्या डेकपेक्षा जास्त वेळा हाती लागतं. म्हणून एका खेळातलं कार्ड दुसऱ्या खेळात जसंच्या तसं उचलून नेलं की तोल जातोच.

मापाचं कार्ड

सगळ्यात पहिलं कार्ड अगदी साधं करा. नाव, खुराक, जोर, तग. बाकी एक अक्षर नाही. हे तुमचं माप. पुढचं प्रत्येक कार्ड याच्याशी ताडून बघायचं.

आपल्या खेळात साध्या मल्लाचे एकूण गुण म्हणजे खुराकाची दुप्पट अधिक एक. १ खुराकाला ३ गुण (जोर १, तग २), २ ला ५ गुण, ३ ला ७, ४ ला ९. २०१४ साली आलेल्या हर्थस्टोन या संगणकावरच्या कार्ड गेममध्ये साध्या कार्डांचा हिशोब साधारण असाच आहे: तिथे ४ मानाचं (माना म्हणजे तिथला खुराक) साधं कार्ड ४/५ आहे, म्हणजे जोर ४, तग ५, ६ मानाचं ६/७. तो वरचा एक गुण कशासाठी? मल्ल उतरवताना खुराक तर जातोच, पण हातातलं एक कार्डही जातं. त्या कार्डाची ती भरपाई.

जोर आणि तग यांची वाटणी मात्र डोळे झाकून करू नका. ५ गुणांचा ३/२ मल्ल घाई करणाऱ्या डेकला हवा असतो, २/३ मल्ल सावकाश खेळणाऱ्याला. ४/१ कागदावर तेवढ्याच गुणांचा, पण १ इजेच्या कुठल्याही डावाने जातो. आणि ०/५ मल्लाला कितीही तग असला तरी तो सामना संपवत नाही. माझं मत असं की पहिल्या वीस कार्डांत निम्मे मल्ल तरी बिनमजकुराचे ठेवावेत. नव्या माणसाला ते कंटाळवाणे वाटतात, पण त्यांच्याशिवाय बाकीच्या कार्डांची किंमतच कळत नाही.

क्षमतेची किंमत

आता मजकूर. मल्लाला क्षमता दिली की तिच्या बदल्यात गुण कापायचे. सुरुवातीला मी हे दर धरतो. राखण, म्हणजे समोरच्याला आधी या मल्लावरच हल्ला करावा लागतो: १ गुण. उतरताना एक कार्ड ओढा: ३ गुण. झेप, म्हणजे उतरल्या पाळीतच हल्ला: मल्लाच्या जोराइतके गुण.

झेपेचा दर ठरावीक नसून जोराबरोबर का वाढतो, ते बघा. १ जोराच्या मल्लाने एक पाळी लवकर हल्ला केला तर समोरच्याचा १ दम जातो. ६ जोराच्या मल्लाने केला तर ६ जातात. हर्थस्टोनमध्ये २ मानाचं झेपवालं कार्ड २/१ आहे आणि ३ मानाचं ३/१, म्हणजे पहिल्याचे दोन गुण कापले, दुसऱ्याचे तीन. राखणीचा १ गुणाचा दरही तिथल्या ४ मानाच्या ३/५ कार्डाशी जुळतो. हे दर म्हणजे पहिला अंदाज आहे. खेळून बघितल्यावर ते हलणारच.

सारखा आकडा म्हणजे सारखी किंमत, असं धरून चालणाऱ्याने मॅजिकच्या १९९३ च्या पहिल्या संचातली पाच कार्डं जरूर बघावीत. पाच रंग, प्रत्येकाला एक माना खर्चाचं एक कार्ड, आणि प्रत्येकावर ‘तीन’: एक ३ इजा करतं, एक मल्लाला +३/+३ देतं, एक ३ माना देतं, एक ३ प्राण (तिथला दम) परत देतं किंवा ३ इजा अडवतं, आणि एक ३ कार्डं ओढू देतं. कागदावर सुंदर जुळणी. प्रत्यक्षात तीन प्राणवाल्याला कुणी विचारत नाही, तीन इजावालं आजही घाईच्या डेकचा कणा आहे, आणि तीन कार्डं ओढणारं इतकं भारी ठरलं की व्हिंटेज प्रकारात डेकमध्ये एकच ठेवता येतं आणि लेगसीमध्ये त्यावर बंदी आहे. दम वाचवला तर हरणं लांबतं, पण कार्डं जास्त असलेल्याकडे प्रत्येक पाळीला निवड जास्त असते. तुमच्या खेळात कार्ड ओढणं ज्या दिवशी स्वस्त होईल त्या दिवशी बाकी सगळी कार्डं मागे पडतील.

एक कार्ड जवळून: हलगीवाला

कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडली की मल्लाच्या अंगात वारं शिरतं. कार्डाची कल्पना तिथली. पहिला खर्डा असा:

हलगीवाला. २ खुराक, जोर १, तग २. तुमच्या पाळीच्या सुरुवातीला तुमच्या सगळ्या मल्लांना कायमचा +१ जोर.

अंगाचे ३ गुण, मापाच्या ५ पेक्षा २ कमी. म्हणजे क्षमतेची किंमत २ गुण लावली. आता हिशोब करा. पहिल्या पाळीला एक छोटा मल्ल, दुसऱ्या पाळीला हलगीवाला. तिसऱ्या पाळीच्या सुरुवातीला पटावर दोघं, म्हणून +२. तिसऱ्या पाळीला आणखी एक उतरला. चौथ्याच्या सुरुवातीला +३. पाचव्याला +४. पाचव्या पाळीपर्यंत या दोन खुराकाच्या कार्डाने ९ जोर फुकटात वाटला, आणि तो कायमचा असल्यामुळे नंतर हलगीवाला चीतपट झाला तरी परत जात नाही. समोरच्याने त्याला तिसऱ्या पाळीला मारलं तर कार्ड बरं वाटतं, पाचव्याला मारलं तर सामना गेलेला असतो. सगळा खेळ एकाच प्रश्नावर येतो: समोरच्याच्या हातात दुसऱ्या पाळीला उत्तर होतं की नव्हतं?

इथे खुराक २ चा ३ करून भागत नाही. फुगणारं कार्ड एक पाळी उशिरा आलं तरी फुगतंच. दुखणं दोन शब्दांत आहे, ‘सगळ्या’ आणि ‘कायमचा’. यातला एक काढला की कार्ड सरळ होतं, दोन्ही काढले की सुरक्षित होतं. पक्कं रूप हे:

हलगीवाला. २ खुराक, जोर १, तग २. तुमच्या पाळीच्या सुरुवातीला तुमचा दुसरा एक मल्ल निवडा. त्या मल्लाला या पाळीपुरता +१ जोर.

आता क्षमतेचे २ गुण मोजले आणि ती दर पाळीला १ गुण परत देते. हलगीवाला दोन पाळ्या टिकला तर पैसे वसूल, तिसऱ्या पाळीपासून नफा. समोरच्याला विचार करायला वेळ आहे आणि २ तगामुळे मारायला सोपंही आहे. ‘दुसरा’ हा शब्द मुद्दाम आहे. हलगीवाल्याने स्वतःसाठीच हलगी वाजवली तर चित्र आणि नियम यांचा मेळ बसत नाही.

कुठल्याही कार्डाला असं सोलून बघता येतं. आधी आकडे हलवू नका. मजकुरातला कुठला शब्द किंमत वाढवतोय ते शोधा.

जिथे तोल हमखास जातो

शून्य खुराकाची कार्डं. शून्याने कुठलीच पाळी अडत नाही. मॅजिकचं ब्लॅक लोटस शून्य खर्चात तीन माना देतं आणि म्हणूनच ते इतकं कुप्रसिद्ध. यु-गी-ओचं पॉट ऑफ ग्रीड काहीच न मागता दोन कार्डं देतं आणि बंदी यादीत जाऊन बसलं. नव्या डिझायनरने शून्याच्या वाटेला जाऊच नये.

‘प्रत्येक … साठी’ असं लिहिलेलं कार्ड. पटावरच्या प्रत्येक मल्लामागे १ इजा करणारा डाव दोन मल्ल असताना सौम्य आणि आठ असताना भयंकर. अशा मजकुराला वरची मर्यादा लावा: ‘जास्तीत जास्त ४’.

दोघांना लागू असणाऱ्या जागा. समजा खासबाग मैदान नावाची जागा केली. (राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं आणि १९१२ मध्ये पुरं झालेलं ते मैदान कुस्तीच्या खेळात नसेल तर कोल्हापूरकर तुम्हाला सोडणार नाहीत.) मजकूर: ५ किंवा जास्त जोराचे मल्ल दोन्ही खेळाडूंना १ खुराक कमी लावून उतरवता येतात. वाचायला बरोबरीचा मामला. पण ही जागा डेकमध्ये घेणाऱ्याने मोठे मल्ल डझनभर भरलेले असतात आणि समोरच्याकडे तीन असतात. ‘दोघांनाही’ लिहिलं म्हणून किंमत कमी करायची नाही. ती जागा ज्याच्या डेकमध्ये असेल, त्याला मिळणाऱ्या फायद्यावरच किंमत धरायची.

आणि चक्र. खुराक परत देणारं कार्ड आणि कार्ड हातात परत आणणारं कार्ड एकत्र आले की चक्र पुरं करणारं तिसरं शोधायला खेळणाऱ्यांना वेळ लागत नाही. नवं कार्ड लिहिलं की ते आधीच्या प्रत्येक कार्डाशेजारी ठेवून विचारा, हे दोघं मिळून न थांबणारं काही करतात का? क्षमतेत ‘प्रत्येक पाळीत एकदाच’ घातलं की निम्मे घोळ मिटतात.

आख्यायिकेतून नियम

नाव आधी आणि क्षमता नंतर चिकटवलेली, अशी कार्डं लक्षात राहत नाहीत. गोष्टीतच नियम शोधावा. १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली. खिंड अरुंद, म्हणून समोरच्या फौजेची संख्या निकामी. यातून थेट जागा मिळते: ‘पावनखिंड. ४ खुराक. समोरच्याच्या पुढच्या तीन पाळ्यांत त्याचा फक्त एक मल्ल हल्ला करू शकतो. नंतर हे कार्ड बाजूला टाका.’ ठरावीक मुदत हवीच, कारण खिंड लढवायची होती ती महाराज गडावर पोचेपर्यंत. तोडही गोष्टीतच आहे: एकच पण मोठा मल्ल असलेल्या डेकला खिंडीचं काही वाटत नाही.

दुसरं, कोल्हासुर. देवीने त्याला मारलं आणि त्याच्या नावावरून गावाचं नाव पडलं, ही इथली आख्यायिका. नवरात्रात ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडतात तो या असुराचं प्रतीक म्हणून. तर कार्ड: ८ खुराक, जोर ७, तग ७. मापाने १७ गुण, इथे १४. उरलेले ३ क्षमतेला. ‘हा चीतपट झाला की त्याच्या जागी कोहळा ठेवा (जोर ०, तग ३). तुमच्या पुढच्या पाळीच्या सुरुवातीला कोहळा शाबूत असेल तर कोल्हासुर पटावर परत येतो. सामन्यात एकदाच.’

ऐकायला झकास, पण ‘पुढच्या पाळीच्या’ इथे खोट आहे. कोल्हासुर बहुतेक वेळा समोरच्याच्या पाळीत मरणार, आणि तोवर त्याचे सगळे मल्ल हल्ला करून दमलेले असणार. लगेच तुमची पाळी येते आणि कोहळा फोडायची संधीच त्याला मिळत नाही. ‘तुमच्या दुसऱ्या पाळीच्या सुरुवातीला’ असं केलं की मध्ये समोरच्याची एक पूर्ण पाळी येते. मग खरी चुरस: कोहळ्यासाठी मल्ल खर्च करायचे की थेट दमावर जायचं? तग ३ ठेवला तो १-२ जोराच्या एकाच मल्लाने फुटू नये आणि दोघांनी सहज फुटावा म्हणून.

एक गोष्ट मी पाळतो आणि इतरांनाही सांगतो. अंबाबाई, जोतिबा यांना जोर-तगाचे आकडे लावायचे नाहीत, शिवाजी महाराजांनाही नाही. कार्ड चीतपट होतं, बाजूच्या गड्डीत टाकलं जातं, टेबलाखाली पडतं. श्रद्धेच्या गोष्टी तिथे नकोत. असुर, किल्ले, वाटा, डोह, हत्यारं यांत खेळाला पुरून उरेल इतका ऐवज आहे.

आणखी ऐवज हवा असेल तर घाट उतरून सावंतवाडीला जा आणि दशावतारी गंजिफा बघा: १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी १२. निम्म्या अवतारांत आकड्यांचा क्रम उलटा, म्हणजे तिथे एक्का दहाच्या वर. दिवसा खेळताना रामाचा राजा असलेला सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा. एरवी हलका असलेला पत्ता भारी ठरावा आणि वेळेनुसार मान बदलावा, या दोन कल्पनांवर एक अख्खा संच उभा राहू शकतो.

मजकूर लिहिताना

कार्डावरचं वाक्य दोघांनी वाचलं की दोघांनाही तोच अर्थ लागला पाहिजे. ‘मल्ल समोरच्याच्या मल्लाला मारतो तेव्हा त्याचा मालक एक कार्ड ओढतो’ यात मालक कुणाचा, यावर भांडण ठरलेलं. ‘तुम्ही’ आणि ‘समोरचा’ एवढेच दोन शब्द वापरा, ‘तो’ आणि ‘त्याचा’ शक्यतो टाळा. सक्ती असेल तर ‘ओढा’, मुभा असेल तर ‘ओढू शकता’. डेकमध्ये शेवटचं कार्ड उरलेलं असताना या फरकावर सामना फिरतो. नियमावलीत दोन ओळी सुरुवातीलाच घाला: कार्ड आणि नियमावली भिडली तर कार्डाचं खरं, आणि एक कार्ड ‘करता येतं’ म्हणत असेल व दुसरं ‘करता येत नाही’, तर नाही म्हणणाऱ्याचं खरं.

डेक आणि शक्यता

४० कार्डांत एका नावाची ३ कार्डं असतील तर पहिल्या पाच कार्डांत त्यातलं निदान एक असण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के. दहा कार्डं बघून झाली की सुमारे ५९ टक्के. म्हणजे जे कार्ड पहिल्या दोन पाळ्यांतच भारी आहे ते निम्म्याहून कमी सामन्यांतच चमकेल आणि बाकी वेळा निरुपयोगी ठरेल. असं कार्ड सरासरीने तोललेलं असलं तरी खेळायला वाईट, कारण निकाल कार्ड ओढण्यावर जातो.

सुरुवातीच्या डेकसाठी मी ही वाटणी सुचवतो: १ खुराकाची ६, दोनची ९, तीनची ९, चारची ७, पाचची ५, सहा आणि वरची ४. पहिली पाळी घेणाऱ्याला फायदा असतोच. त्याने पहिल्या पाळीला कार्ड ओढू नये, किंवा दुसऱ्याला एक कार्ड जास्त द्यावं.

खेळून तपासणं

या टप्प्यावर प्रिंटरकडे जायचं नाही. जुन्या पत्त्यांचा जोड घ्या, प्रत्येक पत्ता स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात) घाला आणि पुढे कागदाची चिठ्ठी सरकवा. आकडे पेन्सिलने. दोन सामन्यांच्या मध्ये खोडून बदलता आलं पाहिजे.

एका वेळी एकच कार्ड तपासा. दोन्ही डेक तेच ठेवा, एकातली ३ कार्डं काढून नव्याची ३ घाला, पहिली पाळी आलटून पालटून द्या. आणि थोड्या सामन्यांवरून निकाल लावू नका. दोन्ही डेक अगदी बरोबरीचे असले तरी दहापैकी सात किंवा जास्त सामने एकाच ठरावीक डेकने जिंकण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. म्हणजे ७-३ वरून काहीच सिद्ध होत नाही. वीसपैकी पंधरा किंवा जास्त मात्र बरोबरीच्या डेकमध्ये जेमतेम २ टक्के वेळा घडतं. तिथे हात घाला.

हार-जितीपेक्षा वहीत या नोंदी जास्त कामाच्या असतात: सामना कितव्या पाळीला संपला, जिंकणाऱ्याचा किती दम उरला, शेवटी हातात कुठलं कार्ड पडून राहिलं. तेच कार्ड वारंवार हातात पडून राहत असेल तर ते महाग आहे किंवा त्याला खेळायची वेळच येत नाही. सामना झाल्यावर हरलेल्याला विचारा, ‘कुठल्या पाळीला वाटलं की गेला?’ उत्तर नेहमी त्या एका कार्डाच्या पाळीचं येत असेल तर ते कार्ड परत सोला. आणि स्वतः खेळू नका, बाजूला बसून बघा. कार्ड वाचताना कुणी कपाळाला आठ्या घालून ओळ दुसऱ्यांदा वाचली की मजकूर बदलायचा.

छपाई

नेहमीचा आकार ६३ बाय ८८ मिलिमीटर. ए-फोरच्या एका कागदावर नऊ कार्डं बसतात. चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र ठेवा, नाहीतर कटिंगला पांढरी कड येते. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) कार्ड ७४४ बाय १०३९ पिक्सेल. मजकूर ८ पॉइंटच्या खाली नेऊ नका आणि ओळींत अंतर ठेवा, मात्रा आणि उकार एकमेकांना भिडतात. युनिकोड मजकूर जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये उघडला की जोडाक्षरं फुटतात, म्हणून अक्षरं आउटलाइन करून (चित्रात बदलून) पीडीएफच द्या आणि छापण्याआधी एक प्रूफ मागून ‘र्‍या’, ‘द्ध’, ‘ल्ल’ तपासा. मल्ल हा शब्द तर प्रत्येक दुसऱ्या कार्डावर आहे.

३०० जीएसएम आर्ट कार्ड पुरतं. लॅमिनेशन करायचं तर दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला केलं तर कोल्हापूरच्या पावसाळ्यात कार्डं वाकतात आणि वाकलेलं कार्ड गड्डीत न बघताच ओळखू येतं. आधीच्या कुठल्या खेळासाठी कार्डं करत असाल तर मागची बाजू वेगळीच ठेवा, म्हणजे ती कुणी खरी म्हणून खपवणार नाही. चित्रं आणि बोधचिन्हं दुसऱ्याची उचलू नका.

कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात आवृत्तीचा छोटा आकडा टाका. हलगीवाला १ आणि हलगीवाला ३ एकाच डेकमध्ये गेले तर सामन्याच्या मध्येच वाद होतो. एखादं कार्ड बदललं की जुनी तिन्ही परत घ्या, नवी तिन्ही द्या आणि वहीत तारखेसह काय बदललं आणि का बदललं हे लिहून ठेवा.